बेसूर, पण त्या रात्रीचा

अल्बमच्या कव्हरवर ‘लाईव्ह’ हा शब्द दिसला की आपण एक गोष्ट न विचारता मान्य करतो. अमुक एका संध्याकाळी, अमुक एका गावात, काही हजार लोकांसमोर हे असंच वाजलं होतं आणि नंतर त्यात कोणी हात घातला नाही. माझं म्हणणं असं आहे की ही समजूत अनेकदा खोटी असते. ती खोटी आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं. आणि आपण ऐकणारे ‘चालायचंच’ म्हणून ते सोडून देतो, तेव्हा आपण फक्त सूर-बेसुराच्या प्रश्नावर गप्प बसत नाही. काय घडलं हे नंतर कोणी ठरवायचं, या प्रश्नावर गप्प बसतो.

मुद्दा मांडण्यासाठी मी कंट्री रॉक निवडतोय. साठच्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियात रुजलेलं हे संगीत: खाली रॉकचे ड्रम, वर अमेरिकी खेड्यापाड्यांतल्या कंट्री गाण्यांची चाल, आणि मधून पेडल स्टील गिटारचा लांबत जाणारा, रडवेला सूर. या मंडळींचा सगळा रुबाबच साधेपणाचा. विटकी जीन्स, लाकडी गिटार, ‘आम्ही जसे आहोत तसे’. त्यामुळे खोटेपणा कुठे जास्त खुपत असेल तर तो इथे.

आधी खोट्या बाजूपासून सुरुवात करू. जुलै १९८० मध्ये ईगल्स हा बँड मोडला. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला सिनेटर अॅलन क्रॅन्स्टन यांच्या मदतीसाठी कार्यक्रम होता. ग्लेन फ्राय आणि डॉन फेल्डर हे दोघे गाण्यांच्या मधल्या वेळात, स्टेजवरच, कार्यक्रम संपल्यावर एकमेकांना कसं बदडायचं याच्या धमक्या देत होते. त्यानंतर बँड असा उरलाच नाही. पण रेकॉर्ड कंपनीला अजून एक अल्बम देणं बाकी होतं. मग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘ईगल्स लाईव्ह’ आला: काही गाणी १९७६ ची, काही त्या शेवटच्या जुलैतली.

आता गंमत बघा. तो अल्बम तयार होत असताना फ्राय बाकीच्यांशी बोलायला तयार नव्हता. तो लॉस एंजेलिसमध्ये बसून काम करत होता, बाकीचे फ्लोरिडात. निर्माता बिल सिमझिक याने नंतर स्वतःच सांगितलंय की एकत्र गायलेल्या आवाजांची दुरुस्ती टेपा कुरियरने इकडून तिकडे पाठवून चालली होती. म्हणजे आपल्याला ऐकू येणारा तो एकजीव, रेशमी, तीन आवाजांचा मेळ एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या माणसांनी देशाच्या दोन टोकांना बसून नीट केलेला आहे. अल्बमच्या आतल्या श्रेयनामावलीत पाच वकिलांचे आभार आहेत. त्या अख्ख्या अल्बममधली सर्वांत प्रामाणिक ओळ तीच असावी.

गाणी वाईट आहेत का? अजिबात नाही. सुरेख आहेत. पण मला ‘लाईव्ह’ म्हणून जे दिलं गेलं ते त्या रात्रीचं नाही. जिथे बँड फुटत होता तिथे मला बँडची एकी ऐकवली गेली. हा सुराचा तपशील नाही. घटनेचा मुख्य भागच बदललाय.

आता दुसरी बाजू. तिथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण या लेखाचं खरं कारण ती आहे.

नील यंगचा ‘हार्वेस्ट’ फेब्रुवारी १९७२ मध्ये आला आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातलं ‘हार्ट ऑफ गोल्ड’ हे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं त्याचं एकमेव गाणं. कॅनडातून आलेला, पातळ, थरथरत्या आवाजाचा हा मुलगा अचानक घराघरातला झाला. पुढची पायरी उघड होती: मोठी स्टेडियमं, मोठा दौरा, आणि शेवटी एक लाईव्ह अल्बम, ज्यात हीच गाजलेली गाणी थोड्या टाळ्यांसकट परत विकायची. आजही हाच हिशेब चालतो.

दौऱ्याच्या तालमींसाठी त्याने आपल्या शेतावर वादकांना बोलावलं. त्यात डॅनी व्हिटन होता, क्रेझी हॉर्स या बँडचा गिटारिस्ट आणि गायक. रॉड स्टुअर्टने पुढे गाजवलेलं ‘आय डोन्ट वाँट टू टॉक अबाउट इट’ हे मूळ व्हिटनचं. हेरॉइनने तो पोखरला गेला होता. तालमीत त्याला गाणी धरता येईनात. शेवटी यंगने त्याला काढलं, हातात पन्नास डॉलर आणि लॉस एंजेलिसचं तिकीट दिलं. त्याच रात्री, १८ नोव्हेंबर १९७२ ला, दारू आणि गोळ्यांच्या अतिसेवनाने व्हिटन मेला. तो २९ वर्षांचा होता. यंग सत्तावीसचा.

सात आठवड्यांच्या आत दौरा सुरू झाला. जानेवारी ते एप्रिल १९७३, जवळजवळ रोज नवीन शहर. वादक होते स्ट्रे गेटर्स: पियानोवर जॅक निचे, पेडल स्टीलवर बेन कीथ, बेसवर टिम ड्रमंड, ड्रमवर केनी बट्री. मानधनावरून कुरबुरी झाल्या. बट्री अर्ध्यावर निघून गेला, त्याच्या जागी जॉनी बारबाटा आला. यंग पीत होता. त्याचा आवाज बसला, इतका की शेवटच्या टप्प्यात डेव्हिड क्रॉस्बी आणि ग्रॅहम नॅश या जुन्या साथीदारांना मदतीला बोलवावं लागलं. आणि समोर रोज हजारो लोक, ‘हार्ट ऑफ गोल्ड’ ऐकायला आलेले. त्यांना मिळत होती कधीही न ऐकलेली, कर्कश, मोठ्या आवाजातली नवी गाणी.

ऑक्टोबर १९७३ मध्ये या दौऱ्याचा अल्बम आला: ‘टाइम फेड्स अवे’. आठ गाणी. त्यातलं एकही आधीच्या कुठल्याही अल्बमवर नव्हतं. ‘हार्ट ऑफ गोल्ड’ नाही, ‘ओल्ड मॅन’ नाही. एक गाणं सोडलं (ते १९७१ च्या एकट्याने केलेल्या कार्यक्रमातलं आहे) तर बाकी सगळं या दौऱ्यातलं, आणि तेही बहुतेक उत्तरार्धातलं, म्हणजे आवाज फाटल्यानंतरचं.

ऐकायला बसलात तर पहिल्या मिनिटात कळतं की इथे काहीतरी बिनसलंय. शीर्षकगीतात पियानो गिटारवर आपटतो. ‘यॉन्डर स्टँड्स द सिनर’मध्ये यंग गात नाही, घसा खरवडतो. ‘डोन्ट बी डिनाइड’ हे त्याचं आत्मचरित्र आहे: आईवडिलांचं वेगळं होणं, आईबरोबर विनिपेगला जाणं, शाळेत मार खाणं, गिटार सापडणं, हॉलिवूडची वाट, आणि यश मिळाल्यावर ते हातात घेऊन बघताना वाटलेलं रितेपण. स्टुडिओत हे गाणं नीटनेटकं होऊ शकलं असतं. इथे आवाज वरच्या पट्टीला पोचताना तुटतो, आणि त्या तुटण्यानेच ते गाणं खरं वाटतं. शेवटचं ‘लास्ट डान्स’ जवळजवळ नऊ मिनिटं चालतं. सोमवारी सकाळी उठा, कामाला जा, परत या, अशा नोकरीच्या चरकाबद्दलचं गाणं. ते संपत नाही, कोसळतं. नकाराचा एकच शब्द तो पुन्हा पुन्हा ओरडत राहतो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसमधून मी ते ऐकतो तेव्हा मला त्यातला एक शब्दही समजावून घ्यावा लागत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. ‘म्हणजे वाईट गायलं की ते थोर? मग कोणीही बेसूर गावं आणि प्रामाणिकपणाचं लेबल लावावं.’

नाही. वाईट रेकॉर्डिंग हे वाईटच असतं. आळशी बँडची आळशी रात्र मला ऐकायची नाही. ‘टाइम फेड्स अवे’ मोठा आहे तो त्यात काय निवडलं गेलं त्यामुळे. याचा पुरावा २०१९ मध्ये आला. त्या वर्षी यंगने ‘टस्कलूसा’ नावाचा अल्बम काढला. त्याच दौऱ्यातला, ५ फेब्रुवारी १९७३ ला अलाबामा विद्यापीठात झालेला कार्यक्रम. बट्री अजून ड्रमवर आहे, आवाज शाबूत आहे, बँड छान खेळतोय. आणि ‘हार्ट ऑफ गोल्ड’, ‘ओल्ड मॅन’, ‘हार्वेस्ट’ सगळं आहे. म्हणजे दौऱ्यात चांगलं वाजलेली, गाजलेल्या गाण्यांची रात्र झालेली होती आणि ती टेपवर उतरलेली होती. १९७३ मध्ये तसा अल्बम काढला असता तर तो हातोहात खपला असता. त्याने ते केलं नाही. एका मित्राला पन्नास डॉलर देऊन घालवल्यानंतरचे तीन महिने कसे गेले, हे सांगायला त्याला कोणती गाणी आणि कोणत्या रात्री खऱ्या वाटल्या ते त्याने ठरवलं आणि त्या दिल्या. निवड करणं म्हणजे खोटेपणा नाही. छायाचित्रकारही शंभरातला एक फोटो निवडतो. पण त्या फोटोत नसलेला माणूस नंतर चिकटवत नाही.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून हे माझ्या भाषेत सांगतो. रात्री तीनला सर्व्हर पडला की सकाळी सगळ्यात आधी लॉग उघडला जातो. कोणत्या सेकंदाला काय झालं, काय अडकलं, कोणी काय चालवलं, त्याची ओळीने नोंद. ती कुरूप असते. तीच चूक चारशे वेळा लिहिलेली असते. तिला कोणी नंतर सजवत नाही, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून असतं. त्याच घटनेवर ग्राहकांना एक निवेदनही जातं, गुळगुळीत, माफी मागणारं. दोन्ही कागद गरजेचे आहेत. पण निवेदनच लॉग म्हणून ठेवलं, तर पुढच्या वेळी सर्व्हर पडल्यावर आधी काय झालं होतं हे कोणालाच कळणार नाही. स्टुडिओ अल्बम हे निवेदन असायला माझी काहीच हरकत नाही. त्यात शंभर वेळा गा, हवं ते जोडा. लाईव्ह अल्बम हा लॉग असतो, निदान तसं सांगून तो विकला जातो.

दुसरा आक्षेप: ‘एखादा सूर नीट केला तर कोणाचं काय बिघडलं? कोणाला फसवलं?’

याला माझं उत्तर फॉलसम तुरुंगात आहे. १३ जानेवारी १९६८ ला जॉनी कॅश या कंट्री गायकाने कॅलिफोर्नियातल्या फॉलसम तुरुंगात कैद्यांसमोर दोन कार्यक्रम केले. त्याचा अल्बम जगप्रसिद्ध आहे. ‘फॉलसम प्रिझन ब्लूज’ या गाण्यातला नायक, आपण केवळ मरताना बघायला म्हणून एका माणसाला गोळी घातली, असं सांगतो. अल्बमवर त्या ओळीला एक कैदी आनंदाने आरोळी ठोकतो. अंगावर काटा येतो. ती आरोळी नंतर जोडलेली आहे. पहारेकरी भोवती उभे असताना, खुनाच्या ओळीला दाद द्यायची हिंमत त्या कैद्यांपैकी कोणी केलेली नव्हती.

आता सांगा, कोणाचं काय बिघडलं? पन्नासहून अधिक वर्षं जगभरच्या लोकांनी ऐकलं की फॉलसमचे कैदी खुनाच्या वर्णनाला ओरडून दाद देत होते. ते तसं वागले नव्हते. त्यांच्या तोंडी ती आरोळी घालताना त्यांना कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ‘नाही’ म्हणण्याच्या स्थितीत ते नव्हते. पुढे त्याच वर्षी जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाली, आणि रेडिओवाले बिचकले म्हणून कंपनीने कॅशच्या विरोधाला न जुमानता एकल रेकॉर्डवरून ती ओळच कापून टाकली. आधी नसलेली दाद जोडली, मग असलेली ओळ काढली. एकदा नोंदीला हात लावायची सवय लागली की तो हात सोयीप्रमाणे दोन्हीकडे चालतो.

याच्या शेजारी एक दाद ठेवा, जी खरी होती. २३ जानेवारी १९७३, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. कार्यक्रम चालू असताना यंगच्या हातात चिठ्ठी आली आणि त्याने लोकांना सांगितलं की शांतता झाली, व्हिएतनामचा करार झाला. सभागृह कोसळेल असा आवाज उठला. ज्या पिढीतली मुलं युद्धावर पाठवली जात होती, त्यांचा तो जल्लोष. कुठलाही निर्माता तो टेप सोन्याच्या भावाने वापरेल. ‘टाइम फेड्स अवे’वर तो नाही. त्या रात्रीचं गाणं अल्बमवर नाही, म्हणून त्या रात्रीच्या टाळ्याही नाहीत. इतकं साधं आहे ते.

पण यंगला मी इथे देव करणार नाही, कारण या अल्बमवर सगळ्यात मोठा अन्याय त्यानेच केला. आपण केलेल्या रेकॉर्डांतली ही सर्वांत वाईट, असं तो अनेकदा म्हणत आला, आणि त्याच दमात, त्या वेळी माझ्याबाबतीत जे चाललं होतं त्याचा दस्तऐवज म्हणून ती उत्तम आहे, असंही म्हणाला. वर तिच्या ध्वनिमिश्रणासाठी तेव्हा नवीकोरी असलेली एक संगणकीय यंत्रणा वापरली होती. ती धड चालली नाही आणि आवाज खरखरीत आला. परिणाम असा की त्याची जवळजवळ सगळी रेकॉर्डं सीडीवर आली तरी ही आली नाही. चाहते सह्यांचे अर्ज करत राहिले. २०१४ मध्ये ती पुन्हा रेकॉर्डवर निघाली आणि सीडीवर यायला २०१७ उजाडलं. चाळीस वर्षांहून जास्त काळ ती जुन्या तबकड्यांच्या दुकानांत आणि चोरट्या कॉप्यांतच सापडायची.

माझ्या मते हेही दुरुस्ती करण्यासारखंच आहे. ईगल्सनी नोंद बदलली, यंगने नोंद कपाटात टाकली. स्वतःचा कठीण काळ आठवायला माणसाला त्रास होतो, हे समजतं. पण जे लोक त्या स्टेडियमांत बसले होते, ज्यांनी पैसे देऊन तो फाटका आवाज ऐकला होता, त्यांचाही तो काळ होता. नोंद एकदा बाहेर आली की ती एकट्याची राहत नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच वयाचे लोक घेतात: ‘आम्ही तिकिटाला इतके हजार मोजतो. आम्हाला रेकॉर्डसारखंच ऐकायचंय.’ खरंय, तिकिटं महाग आहेत. पण रेकॉर्डसारखं ऐकायला रेकॉर्ड आहे, हेडफोन आहेत, महिन्याचं सबस्क्रिप्शन आहे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेसाठी नवी मुंबईच्या स्टेडियममध्ये जी गर्दी लोटली, ती फक्त अचूक सूर ऐकायला आलेली नव्हती. ‘आपण तिथे होतो’ यासाठी आलेली होती. म्हणूनच प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि प्रत्येक जण हलत्या हाताने, शेजाऱ्याच्या किंचाळण्यासकट ते टिपत होता. तो व्हिडिओ आपण नंतर कधी बघत नाही, पण पुसतही नाही. आपल्या फोनमधल्या त्या खराब क्लिपला आपण लॉग म्हणून मान देतो. मग विकत घेतलेल्या अल्बमकडून तेवढीच अपेक्षा का ठेवू नये?

आणि मराठी घरात तर हे समजावून सांगायची गरज पडू नये. मैफिलींच्या जुन्या टेपा ऐकणारे आपले आजोबा त्यातला खोकला, मध्येच पुन्हा लावून घेतलेला तानपुरा, कोणाचं तरी न राहवून निघालेलं ‘वाहवा’, हे सगळं गाण्याचाच भाग मानून ऐकत आले. चुकलेली सम गायकाने पुढच्या आवर्तनात कशी सावरली, यावर तर चर्चा रंगायच्या. ती सम कोणी नंतर नीट करून दिली असती तर ते खवळले असते.

हा वाद आज जास्त निकडीचा आहे, कारण दुरुस्ती फुकट झाली आहे. १९८० मध्ये खोटं बोलायला दोन स्टुडिओ, महिन्यांचा वेळ आणि कुरियरचा खर्च लागायचा. १९९७ मध्ये ऑटो-ट्यून आलं आणि सूर नीट करणं हे बटण झालं. आता एका मिसळलेल्या टेपमधून गायकाचा आवाज वेगळा काढणारी, गर्दीचा आवाज पुसणारी किंवा नवी गर्दी तयार करणारी साधनं माझ्या लॅपटॉपवर चालतात. ती बनवणारे माझ्यासारखेच लोक आहेत, आणि ती साधनं उत्तम आहेत. जुनी, खराब झालेली टेप ऐकण्याजोगी करणं हे पुण्याचं काम आहे. धूळ पुसायला माझा विरोध नाही. नसलेली टाळी, नसलेला सूर, नसलेली मैत्री तयार करून वर ‘लाईव्ह’ छापायला आहे.

म्हणून माझी मागणी छोटी आहे, आणि ती अशक्य नाही हे ग्रेटफुल डेड या बँडने दाखवून दिलंय. या मंडळींनी १९७२ च्या युरोप दौऱ्याच्या लाईव्ह अल्बममध्ये आवाज स्टुडिओत पुन्हा गाऊन घातले होते, म्हणजे तेही धुतल्या तांदळाचे नव्हते. पण १९९३ पासून त्यांच्या जुन्या कार्यक्रमांच्या टेपांची ‘डिक्स पिक्स’ नावाची जी मालिका निघाली, तिच्या कव्हरवर ग्राहकाला सरळ सावध केलेलं असायचं: हे जुन्या दोन ट्रॅकच्या टेपवरून घेतलंय, आवाजात दोष सापडतील, बघून घ्या. लोकांनी तरी घेतलं. खंडामागून खंड घेतले.

तेवढंच करा. प्रत्येक लाईव्ह अल्बमवर तारीख छापा, गाव छापा, आणि नंतर काय बदललं ते छापा. गायन पुन्हा केलंय, टाळ्या दुसऱ्या रात्रीच्या आहेत, अमुक गिटार स्टुडिओतली आहे. तरीही ज्याला आवडेल तो ऐकेल. मीही ऐकेन, ईगल्ससुद्धा. फक्त एक ओळ लागते. ती छापा, नाहीतर तो शब्द काढा.